जहाजाच्या मालकाला तुरीच्या शेंगा

माझ्या आत्याला आयतं जेवू घालेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. भल्याभल्यांनी प्रयत्न करून पाहिले. आदिलाबादकडच्या आमच्या बोथमध्ये गेल्या पन्नास वर्षांत राज्य बदललं, जिल्ह्याचे तुकडे पडले, तहसीलचं मंडल झालं, दुकानांच्या पाट्यांवरची मराठी बारीक होत होत शेवटी गायब झाली, पण आत्याचा एक कायदा जागचा हलला नाही. कुणाच्याही घरी घास तोंडात घालायचा असेल तर आधी त्या घरात स्वतःच्या हातचं काहीतरी ठेवायचं आणि मगच ताटावर बसायचं. नुसत्या चहालाही हा कायदा लागू आहे. चहाला मूठभर मिरच्या चालतात, फराळाला मेथीची जुडी लागते, आणि जेवणाला काय लागेल ते यजमानाच्या घरात माणसं किती यावर ठरतं. तुम्हाला हा विक्षिप्तपणा वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, फक्त मला सांगायला येऊ नका. मी तिचा भाचा. बोथच्या बसस्टँडजवळ पाण्याच्या मोटारी, पाइप आणि फवारणीच्या पंपांचं माझं दुकान आहे, आणि काउंटरवर कोपर टेकून 'तुमच्या आत्याबाई जरा तशाच आहेत, नाही का?' असं विचारणाऱ्या एका चांगल्या गिऱ्हाइकाला मी त्याच कोपराला धरून पायरीखाली उतरवलेलं आहे.

आत्या भैंशाजवळच्या मुधोळला दिली होती. मी जन्मायच्या आधीच कधीतरी ती सासर सोडून आमच्याकडे आली आणि परत गेली नाही. का आली, ते घरात कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. विचारलंच तर बाबा 'तिचं तिले माहीत' एवढंच म्हणायचे. गावाबाहेर आमचा एक तुकडा बाभळीखाली पडून होता. तो तिने एकटीने साफ केला, विहिरीतला गाळ काढून घेतला आणि तिथे भाजीची वाडी उभी केली. तेव्हापासून आजतागायत ती सकाळी वाडीत जाते, दुपारी येते, स्वयंपाकघराच्या ओट्यावर काहीतरी ठेवते, आणि मग हात धुऊन जेवायला बसते. म्हणजे कायदा आमच्या घरालाही लागू. पावसाळ्यात वाडी वाहून गेली तर बांधावरची तरोट्याची रानभाजी खुडून आणायची. उन्हाळ्यात विहिरीने तळ दाखवला की जळणाची मोळी यायची. एका वर्षी पाय मोडून ती महिनाभर खाटेवर होती, तेव्हा खाटेवर बसून रोज सूपभर डाळ निवडायची आणि डाळ स्वयंपाकघरात पोहोचली की नाही हे ओरडून विचारल्याशिवाय घास उचलायची नाही. मी सहा-सात वर्षांचा असताना तिची नक्कल म्हणून जेवायच्या आधी ओट्यावर एक गोटी नेऊन ठेवली होती. सगळं घर हसलं. आत्याही हसली, आणि ती गोटी तिने दिवसभर पदराच्या टोकाला बांधून ठेवली.

बाहेरच्या जगात तर तिने धुमाकूळ घातला. आदिलाबादच्या एका डॉक्टरांनी तिची नाडी बघायला हात पुढे केला, तर तिने त्या हातावर दुधी ठेवला. "फीस खुर्चीची झाली, हे तुमच्या हाताचं," असं म्हणाली आणि मग मनगट दिलं. मंडल ऑफिसात ती विहिरीवरच्या मोटारीची दरखास्त घेऊन गेली तेव्हा कारकुनाने माणुसकीने चहा मागवला. झालं. आत्याने पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या काढून फायलींवर ठेवल्या. कारकून दचकून म्हणाला, "अम्मा, लोक लाच समजतील." "लाच देयाची असती तं मेथी कायले आणली असती? तुमचा चाय पेली ना मी? मंग हे ठेवा, नाई तं चाय वापस घ्या." प्यायलेला चहा परत कसा घ्यायचा याचा नियम त्या कारकुनाला ठाऊक नसावा, त्याने मुकाट्याने मेथी खणात टाकली. पुढे ती दरखास्त दीड महिना हलली नाही, तर आत्या खूश. "पाह्यलं? लाच नोहती," असं ती गावभर सांगत फिरली. भैंशाच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नात दोन हजार पानं उठत होती, तिथेही ती टोपलीभर सांबार घेऊन गेली. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. आचाऱ्याने 'ठेवा तिकडे' म्हटलं तर ही चुलाणापाशी उभी राहिली, तिचा सांबार चिरून वरणात पडलेला डोळ्यांनी पाहिला, आणि तेव्हा कुठे पंगतीला बसली. मारुतीच्या देवळात ती प्रसाद घ्यायच्या आधी देवापुढे वांगं ठेवते. पुजाऱ्याने पहिली काही वर्षं वाद घातला. आता तो शनिवारी वांग्याचीच भाजी करतो.

बाजाराच्या दिवशी मात्र तिच्यासमोर उभं राहायला छाती लागते. कुणी 'बाई, जरा जास्तीची घाला' म्हटलं की आत्या वजनातली भाजीही परत टोपलीत ओतते आणि म्हणते, "मांगून घेयाची सवय वाईट." आणि जो काही न बोलता पिशवी पुढे धरील त्याच्या पिशवीत वजनाशिवाय ओंजळभर जास्त पडते. नवं गिऱ्हाईक हे शिकेपर्यंत दोन-तीनदा रिकाम्या हाताने घरी जातं. आम्हाला याचं हसू यायचं. आमच्या घरात आत्या म्हणजे हसायचा हक्काचा विषय होता, हे मी कबूल करतो.

तर अशा बाईला माझ्या लेकीने जहाजाचं तिकीट काढलं. लेक हैदराबादला नोकरी करते. तिने एक दिवस फोनवर जाहीर केलं की आपण चौघं, म्हणजे ती, मी, तिची आई आणि आत्याआजी, मुंबईहून मोठ्या जहाजात बसून तीन दिवस समुद्रावर राहणार आहोत. पलंग आहेत, गाणी आहेत, पोहायचा हौद आहे, दिवसभर जेवण चालू. माझ्या बायकोने त्याच संध्याकाळी बॅगा उतरवल्या. आत्याने मात्र फोन हातात घेऊन चौकशी सुरू केली.

"पाण्यावर राह्यते कोण तिथं?"

"कुणी नाही गं आत्याआजी, आपणच. पाहुणे."

"पाहुणे म्हणजे घर कोणाचं तरी असन ना. मालक कोण?"

लेक घाईत होती. "असेल कुणीतरी. कॅप्टन असतो."

"मंग त्या कप्तानाच्या घरी तीन दिवस जेवायचं. त्याच्या घरी माणसं किती?"

"हजार तरी असतील," लेक हसत म्हणाली आणि तिथेच फसली. एवढ्या माणसांच्या घरी न्यायचं म्हणून आत्याने निघायच्या आदल्या दिवशी अर्धी वाडी खुडली. थंडीचे दिवस होते, वाडी भरात होती. तुरीच्या ओल्या शेंगा, काटेरी वांगी, लिंबं, मेथी, सांबार, वर ओलं फडकं. बांबूचा तो टोपला उचलायला मला आणि रिक्षावाल्याला दोघांना वाकावं लागलं. मी म्हटलं, "आत्या, पैसे भरून चाललोय आपण. फुकट नाही." ती म्हणाली, "पैसे तुह्या पोरीनं देल्ले. मी काय देल्लं?" यावर मी नुसताच चिडलो. आगगाडीत ती दर मोठ्या स्टेशनला फडक्यावर पाणी शिंपडत होती, आणि डब्यातल्या कुणी चिवडा पुढे केला की आधी त्याच्या हातावर शेंगा ठेवत होती. मुंबई येईपर्यंत आमच्या डब्यात तुरीच्या टरफलांचा खच पडला होता, तरी टोपला काही हलका झाला नव्हता.

बंदरावरची ती इमारत विमानतळासारखी होती. मोठा गार हॉल, चकचकीत फरशी, रांगा, आणि काचेपलीकडे उभं असलेलं ते जहाज. मी आयुष्यात एवढी मोठी वस्तू पाहिली नव्हती; मान मागे टाकली तरी वरचा मजला दिसेना. आत्याने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "भाजी कमी आणली." बॅगा तपासणीच्या पट्ट्यावरून सरकत गेल्या, आणि टोपला पलीकडे पोहोचताच पट्टा थांबला. निळा कोट घातलेली एक तरुण अधिकारी आली. फडकं उचलून तिने आत पाहिलं आणि हिंदीत सांगितलं की बाहेरचं खाण्याचं सामान जहाजावर नेता येत नाही.

आत्या बाहेरच्यांशी आमच्याकडची बाजारातली हिंदी बोलते. "खाने कू नै है अम्मा. देने कू है."

"किसको देने को?"

"तुमारे मालिक कू."

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग ती मऊ आवाजात म्हणाली, "आजी, मराठी बोला ना, मी साताऱ्याकडची आहे. आत मालक वगैरे कुणी नसतो. कंपनी असते."

"कंपनीच्या घरी चूल हाय का नाई?"

"किचन आहे. मोठं आहे."

"मंग तिथं जे कोणी असन त्याले बोलाव. त्याच्या हाती देतो अन् मोकळी होतो."

मुलीने नियम सांगितला. आत्याने कायदा सांगितला. नियम कागदावर छापलेला होता, कायदा पन्नास वर्षं जुना होता, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी ठाम होती. मागची रांग आधी कुजबुजली, मग उघड बोलू लागली. लेकीचा चेहरा पडला. ती म्हणाली, "आत्याआजी, माझ्यासाठी तरी सोड ना." बायको मला म्हणाली, "मी घरीच सांगितलं होतं." दार बंद व्हायला अर्धा तास उरल्याची सूचना झाली. आणि मग मी ते बोललो. हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "एवढाच हट्ट असेल तर बस इथेच तुझा टोपला घेऊन! आम्ही जातो. तू घरी जा!"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग तिने टोपला पट्ट्यावरून ओढला, दोन पावलं बाजूला नेला, त्या चकचकीत फरशीवर मांडी घालून बसली, फडकं पसरलं आणि बाजाराच्या दिवशीच्या आवाजात हाक दिली, "या बाप्पा, या! घेऊन जा! बोथची भाजी हाय, पैसे नाई, काई नाई!"

आधी कुणी हललं नाही. मग एक हमाल आला, मग फरशी पुसणाऱ्या दोन बाया, मग ज्या रांगेने आम्हाला इतका वेळ शिव्या घातल्या होत्या त्याच रांगेतली एक गुजराती म्हातारी, 'तुवेर, लीली तुवेर!', म्हणजे ओली तूर, असं ओरडत. तिच्या मागोमाग अख्खी रांग मोडली. दोन सुरक्षा रक्षकांच्या खिशांतून शेंगा डोकावू लागल्या. आत्या देत होती आणि दम भरत होती, "एकानं दोनदा घेऊ नको! तू घेतलं ना मघा?" निळ्या कोटवाली हात मागे बांधून लांब उभी होती. आत्याने तिच्यासाठी चार लिंबं राखून ठेवली होती. ती म्हणाली, "मला घेता येत नाही आजी. नियमात नाही." आत्या उठली आणि लिंबं तिच्या कोटाच्या खिशात सरळ घातली. "तुहा नियम जहाजात जायाचा हाय. तुह्या घरी जायाचा नाई." मुलीने खिशावर हात ठेवला, पण लिंबं बाहेर काढली नाहीत. मग टोपला उलटा करून फटका मारत आत्याने विचारलं, "हा रिकामा चालते का आतमंधी?"

"रिकामा चालतो."

"मंग तुमचं उलटंच हाय. आमच्यात रिकामा चालत नाई," असं म्हणून तिने टोपला काखेत मारला आणि आमच्या पुढे होऊन जहाजाच्या पुलावर चढली.

आत गेल्यावर आम्ही तिघं पंधरा मिनिटं वेड्यासारखे फिरलो. काचेचे जिने, पाय रुतेल असा गालिचा, पियानो वाजवणारा माणूस, खोलीत गोल खिडकी आणि खिडकीत समुद्र. आत्याने पलंगाची गादी दाबून पाहिली, नळ सोडून पाहिला, चादर बोटांत चोळून 'कापूस चांगला हाय' एवढा शेरा दिला. मग भोंगा वाजला आणि संकटात काय करायचं ते शिकवायला सगळ्यांना एका दालनात उभं केलं. नारिंगी जाकिटं कशी घालायची ते एक अधिकारी दाखवत होता. आत्याने हात वर करून विचारलं, "बुडून राह्यलं तं मालक पयले उतरते का मांगून?" लेकीने हिंदीत सांगितलं. अधिकारी हसून म्हणाला, कॅप्टन सगळ्यांच्या शेवटी. आत्या म्हणाली, "मंग घर बरं हाय." इथवर सगळं ठीक चाललं होतं.

खरी अडचण जेवणाच्या दालनात आली. इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत भांडी मांडलेली. लेकीने आत्याआजीसाठी ताट भरून आणलं, आणि आत्याने ते हाताने बाजूला सरकवलं.

"मी इथं काई देल्लं नाई."

"अगं, इतकं वाटलंस ना बाहेर!"

"बाहेर देल्लं. ज्याच्या घरी जेवायचं त्याले काय देल्लं?"

तिने सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं, आणि साखरेच्या आजाराची गोळी जेवणाबरोबर घ्यायची होती. हे तिला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि समुद्राच्या मधोमध वाडी नाही, बांध नाही, तरोटाही नाही हेही सगळ्यांना दिसत होतं. आत्या मात्र काही हरलेली नव्हती. ती उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तिथल्या माणसाने हात जोडून तिला परत पाठवलं. मग तिने एका टेबलावरचं फडकं उचललं आणि टेबल पुसायला घेतलं. वेटर धावत आला, 'माताजी, आप बैठिए' म्हणत त्याने अदबीने फडकं काढून घेतलं. दुसऱ्या टेबलावर तिने उष्टी ताटं एकात एक रचायला घेतली, तर दोघं धावले. "हे लोक देऊ बी देत नाईत," ती मला म्हणाली. ती दालनातून बाहेर पडली आणि सरळ वरच्या उघड्या मजल्यावर गेली.

मी तेच ताट घेऊन तिच्या मागे गेलो. जहाज निघालं होतं. किनाऱ्यावरच्या इमारती मागे सरकत होत्या, सूर्य टेकायला आला होता आणि वारा असा की ताटातला पापड उडून गेला. आत्या कठड्याजवळच्या बाकावर बसली होती, शेजारी तिचा टोपला. मी ताट मांडीवर घेऊन बसलो.

"आत्या, गोळी घ्यायची आहे. आजच्या दिवस सोड तो कायदा. आपल्या घरी असतीस तर—"

"आपल्या घरी बी मी देल्ल्याबिगर जेवली का कधी?"

"तिथली गोष्ट वेगळी. ते तर तुझंच घर."

"तुह्या बापाचं घर," ती म्हणाली. अगदी सरळ आवाजात, रागाने नाही. "आता तुहं. तूच तं म्हणला खाली, आमी जातो, तू घरी जा. मी इचार करून राह्यली होती, कोणाच्या घरी जाऊ?"

ती समुद्राकडे पाहत होती.

"मुधोळले नवी नवरी होती मी. दिवसभर कापूस येचला. रातच्याले सासूनं एक भाकर वाढली. भूक लागली होती रे, एकोणीस वर्साची होती. म्हटलं, अर्धी अजून द्या. तं सासू म्हणे, आयतं गिळायले काय जाते? समद्यायच्या समोर. नवरा बाजूले जेवून राह्यला होता, त्यानं मान बी वर केली नाई. मी उठली ताटावरून. भैंशापर्यंत पायी आली, सकायी बस पकडली. तुह्या बापानं दारात पाह्यलं अन् म्हणला, ये, जेव. मी म्हटलं, पयले काम दाखव." ती थांबली. "तवापासून मांगितलं नाई कोणाले. अन् आयतं खाल्लं नाई कोणाचं."

माझ्या लहानपणीची सगळी हसणी माझ्या कानात वाजायला लागली. जिला आम्ही घरातली गंमत समजत होतो, ती बाई पन्नास वर्षं रोज दुपारी आमच्या घरात राहण्याची परवानगी स्वतःच्या कष्टाने मिळवत होती, आणि आमच्यापैकी एकानेही तिला 'बस, आता पुरे' म्हटलं नव्हतं. वाडीतली भाजी खाऊन मी वाढलो. त्याच भाजीवर माझी शाळा झाली, माझं दुकान उभं राहिलं. मला स्वतःची इतकी शरम वाटली की ती शरम रागासारखी वर आली, आणि मी तिच्याच आवाजात बोलायला लागलो.

"मग तुझ्या कायद्याने मी कोण गं आत्या? मी पन्नास वर्षं तुझी भाजी खातो आहे. मी तुला काय दिलं?"

"तू लेकरू होता."

"लेकरू होतो तेव्हा होतो. आता केस पांढरे झाले. माझी बायको तुझी भाजी खाते, माझी पोरगी तुझी भाजी खाऊन हैदराबादला गेली. आम्ही सगळे तुझं आयतं गिळलं. कायदा म्हणजे कायदा. तू आज हे ताट घेणार नसशील तर उद्यापासून मी तुझ्या वाडीतलं पान तोंडात घालणार नाही. मरेपर्यंत. बघच तू."

आत्याने मान वळवून माझ्याकडे निरखून पाहिलं. "वकिलावानी बोलून राह्यला."

"तुझाच भाचा आहे."

तिने माझ्या मांडीवरून ताट ओढलं. "आण इकडं. रडू नको, लोक पाहून राह्यले." मी रडत होतो हे मला तेव्हा कळलं. तिने गोळी घेतली, पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, आणि चावत चावत भाजी करणाऱ्याचा उद्धार केला, 'मीठ कमी, तेलाचा समुद्र.' लेक आणि बायको जिन्यातून वर आल्या आणि तिथेच थबकल्या. मी हातानेच त्यांना लांब राहायला सांगितलं. आत्या शांतपणे जेवत होती. पोळी संपली, भाजी संपली, तिने बोटं चाटली. ताट खाली ठेवील असं मला वाटलं. तिने ते माझ्यापुढे धरलं.

"आण अजून."

"काय आणू?"

"पोळी आण. अर्धी नाई, पुरी आण," ती म्हणाली, आणि मागे वळून मजल्यावरच्या सगळ्या माणसांवर नजर फिरवत आवाज चढवून म्हणाली, "पाहू कोण काय म्हणते ते!"

मी ताट घेऊन खाली गेलो. पोळ्यांपाशी उभ्या असलेल्या माणसाने काही न विचारता दोन घातल्या. बाबा हे बघायला असायला हवे होते असं मला फार वाटलं, आणि थोडा वेळ मी तिथेच, गरम पोळ्यांचं ताट दोन्ही हातांत धरून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.